रशियातल्या गावाकडच्या घरात पेच्का बांधावी की श्वेदका?

रशियात गावाकडे लाकडी घर घेतलंय, गॅसची लाइन तिथवर पोचलेली नाही आणि अख्खा हिवाळा विजेच्या भरवशावर काढायची हिंमत होत नाही. अशा वेळी विटांची भट्टी बांधायचं ठरतं, आणि मग प्रश्न येतो: जुनी, ऐसपैस रशियन पेच्का की आटोपशीर श्वेदका? माझ्या मते स्वयंपाक आणि हौस हे दोन्ही विषय थोडे बाजूला ठेवावेत. त्या घरात हिवाळाभर सलग राहणार की शनिवार-रविवारी येऊन-जाऊन, हे आधी ठरवावं. निम्मा निर्णय तिथेच होतो.

सोव्हिएत काळात मराठीत आलेली रशियन लोककथांची पुस्तकं ज्यांनी वाचली, त्यांनी पेच्कावर झोपलेली माणसं चित्रांत नक्की पाहिली असतील. ते चित्र अगदी खरं आहे. नेहमीच्या मापाच्या पेच्काला सुमारे 1600 विटा लागतात. नुसत्या विटांचंच वजन पाच टनांच्या वर जातं. जागा साधारण 1.3 बाय 1.65 मीटर. तिला घराच्या पायापासून सुटा, स्वतंत्र पाया हवाच, कारण घर आणि भट्टी सारख्याच प्रमाणात खचत नाहीत. पाया जोडून घेतला तर पुढे भेगा पडतात.

तिच्या पोटात कमानदार पोकळी असते, तिला ‘गोर्निलो’ म्हणतात. सरपण तिथेच रचून पेटवायचं. दोन-तीन तासांत ते जळतं, निखारे बाजूला ओढायचे, तोंडावर पत्र्याचं झाकण लावायचं, आणि खरा स्वयंपाक इथून पुढे सुरू होतो. आधी झाडलेल्या तळावर पाव भाजतात. मग धग उतरत जाते तशी कोबीचं ‘श्ची’ सूप, बकव्हीटची खिचडीसारखी ‘काशा’. भांडं बिडाचं, तळाशी अरुंद आणि खांद्याशी रुंद. लांब दांड्याच्या दुबेळक्याने, म्हणजे ‘उख्वात’ने, ते आत सरकवायचं. रात्रभर ठेवलेलं दूध सकाळी बदामी रंगाचं होतं, वर जाड तपकिरी साय येते. ही चव गॅसवर येत नाही, हे मी ठासून सांगेन. फोडणी किंवा तळणासाठी मात्र तोंडापुढच्या कट्ट्यावर तिवईखाली वेगळं जळण लावावं लागतं. रोज दोन वेळा ताजी पोळी-भाजी करणाऱ्यांना ते जाचक वाटेल.

पेच्का एकदा पेटवली की पुढचे चोवीस तास ऊब देते. कडाक्याच्या थंडीत दोनदा पेटवावी लागते. तिची खरी उणीव खाली आहे. जुन्या रचनेत गरम धूर तोंडातून सरळ धुराड्यात जातो. भट्टीचा खालचा भाग थंडच राहतो, त्यामुळे जमीनही गार, आणि बरीच उष्णता वाया जाते. इओसिफ पोदगोरोदनिकोव यांनी विसाव्या शतकात यावर ‘तेप्लुश्का’ ही सुधारित रचना काढली. तिच्यात खालचा भागही तापतो. नवी पेच्का बांधणारच असाल तर हीच बांधा. जुन्या रचनेचा हट्ट धरू नये.

श्वेदका साधारण एक मीटर लांब-रुंद जागेत बसते आणि विटा पेच्काच्या निम्म्याहूनही कमी लागतात. पुढे बिडाची जाड पट्टी, बाजूला ओव्हन, मागे उभी वीटभिंत. विस्तवाचा गरम धूर जाता-जाता ओव्हन तापवतो आणि मग भिंतीतल्या कप्प्यांतून फिरून वर जातो. आपल्या चुलीच्या वैलावर जसं उरलेल्या आचेवर कालवण रटरटतं, तेच तत्त्व. ही भट्टी दोन खोल्यांच्या मधे बसवली की पट्टी स्वयंपाकघरात आणि गरम भिंत पलीकडच्या खोलीत येते. पट्टीवर तवाही चालतो, कढईही. मात्र ऊब पेच्काइतकी टिकत नाही. थंडीत सकाळ-संध्याकाळ पेटवायची तयारी हवी.

आठवडाभर बंद, गोठलेल्या घरात पाच टन विटा तापवायच्या म्हणजे रविवारी तुम्ही निघायच्या वेळेला पेच्का ऊब धरणार. शिवाय थंड विटांवर आत पाणी साचतं, म्हणून सुरुवातीला थोड्याथोड्या सरपणानेच पेटवावं लागतं. येऊन-जाऊन राहणाऱ्यांनी श्वेदकाच घ्यावी, यात मला शंका नाही. सलग राहणारं, मुलं-म्हातारी माणसं असलेलं कुटुंब असेल आणि घरात जागा असेल, तर तेप्लुश्का.

गोलांदका ही उंच, फरशांनी मढवलेली भट्टी दिसायला देखणी, पण ती फक्त ऊब देते. पत्र्याची बुर्झुइका लगेच तापते, तशीच लगेच निवते; अडचणीच्या वेळी ठीक.

कुठलीही बांधा, धुराड्याची झडप घाईने लावू नका. निखाऱ्यांवर निळसर ज्वाळा दिसतात तोवर कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. त्याला वास नसतो, आणि उष्णता वाचवायच्या नादात रात्री झडप लावून झोपलेली माणसं दगावली आहेत. ज्वाळा विझल्या तरी निखारे काळे पडेपर्यंत थांबा. गॅस ओळखणारा अलार्मही बसवाच.

आणि भट्टी बांधणारा कारागीर, ‘पेच्निक’, निवडताना त्याच्याकडे थरागणिक विटांचा आराखडा मागा. बिडाची पट्टी आणि वीट यांच्यात फट किती सोडणार, हेही विचारा. तापल्यावर बीड विटेपेक्षा जास्त फुगतं. फट नसेल तर पहिल्याच हिवाळ्यात विटांना तडे जातात.