कॉल कुणाला लावायचा: सक्तीचा नियम की गुणांची बेरीज?

एसी आणि कोल्ड स्टोअरेजची सर्व्हिस सांगलीत चालवताना दहा-बारा टेक्निशियन झाले, की फोनवरून कॉल वाटणं आवरत नाही. कॉल वाटायचं सॉफ्टवेअर घेतलं की पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, 'हे काम येतं' ही अट सक्तीची ठेवायची की तिला नुसते गुण द्यायचे.

सक्तीच्या नियमात ज्याला काम येत नाही त्याचं नावच समोर येत नाही. गुणांच्या पद्धतीत सगळे दिसतात. कसब, अंतर, ओळखीचं गिऱ्हाईक यांची बेरीज ज्याची जास्त, तो वर. सेल्सफोर्स कंपनीच्या फील्ड सर्व्हिस या अशाच सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याला वर्क रूल म्हणतात, दुसऱ्याला सर्व्हिस ऑब्जेक्टिव्ह.

आम्ही सगळंच गुणांवर सोडलं होतं, त्यातही अंतराला सर्वांत जास्त. तासगाव रोडवरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमधून रात्री कॉल आला आणि तो लागला सर्वांत जवळच्या पोराला. स्प्लिट एसीत तो पटाईत, पण प्लँट अमोनियाचा, म्हणजे गारव्यासाठी विषारी अमोनिया वायू वापरणारा. गेटवरच वास नाकात झोंबला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शहाणा म्हणून बाहेरच थांबला, मला फोन केला. तो आत शिरला असता तर, या विचारानं मला अजून झोप येत नाही.

म्हणून जिथे जिवाशी गाठ आहे किंवा कायद्याचा कागद लागतो, तिथे सक्तीच हवी: अमोनिया, वायरमनचं परमिट, आणि आर-290 हा गारव्याचा गॅस, कारण तो प्रोपेनच, भक्कन पेटतो. कसबाला मुदतीची तारीखही टाका. परमिट संपलं की नाव आपोआप गळतं; वहीत ते कुणाच्या लक्षात राहतं?

बाकी सगळ्याला मात्र सक्ती लावू नका. अमुक कंपनीच्या एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करता येतो का, हे गुणांत राहू द्या. नाहीतर एप्रिलच्या उन्हात जतचा कॉल माणूस न मिळता पडून राहील आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. 'सर्वांत कसबी माणूस आधी' हा पर्यायही टाळा. आमचा अमोनियावाला फिल्टर धुण्यात दिवस घालवायचा. 'कामापुरतं येणारा आधी' असं ठेवा.

चार-पाचच माणसं असतील तर सक्तीचे दोन-तीन नियम पुरे. पण कसबांची यादी बारकाईनं करा. आम्ही सगळ्यांच्या नावापुढे नुसतं 'एसी' लिहिलं होतं. आता आर-32 (हाही एसीतला गॅस), आर-290 आणि अमोनिया तीन वेगळ्या ओळींत आहेत.