पेल्यातले तपकिरी पाणी आणि अठ्ठावीस हजारांचा आरओ

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बारी सिंड्रोमचे (पोटाच्या संसर्गानंतर होऊ शकणाऱ्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढू लागले आणि त्यांतले बरेचसे सिंहगड रस्ता परिसरातले, म्हणजे किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या भागांतले आहेत असे कळले, तेव्हा आमच्या घरात नळाचे पाणी हा रोजच्या काळजीचा विषय झाला. आम्ही याच रस्त्यावर राहतो. घरात ७९ वर्षांची आई आहे. पाणी उकळून प्यावे असे आरोग्य खाते सांगत होते आणि आम्ही ते करतही होतो. पण रोज दोन मोठी पातेली उकळायची, निववायची, गाळायची, यात पत्नीची सकाळ जाऊ लागली. अशा दिवसांत सोसायटीच्या फाटकाशी एका नामांकित कंपनीच्या वॉटर प्युरिफायरचा तंबू लागला आणि ‘मोफत पाणी तपासणी’ असा फलक झळकला. पुढे जे घडले ते मी सविस्तर लिहितो आहे, कारण तोच प्रयोग आजही घरोघरी दाखवला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक तरुण घरी आला. बोलायला अतिशय अदबशीर होता. त्याने दोन काचेचे पेले मागून घेतले. एकात आमच्या नळाचे पाणी घेतले आणि दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतले, आरओ यंत्रातून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबाने ढकलून क्षार काढणाऱ्या यंत्रातून आलेले. मग पिशवीतून डबीएवढे एक उपकरण काढले. त्याला खाली चार कांड्या होत्या. दोन एका पेल्यात आणि दोन दुसऱ्यात बुडतील अशा. त्याने वायर लावून बटण दाबले. प्रथम कांड्यांभोवती बारीक बुडबुडे आले, मग आमच्या पेल्यात हिरवट ढग उतरू लागला आणि अर्ध्या मिनिटात सगळे पाणी गंजासारखे तपकिरी होऊन वर साय धरल्यासारखा गाळ तरंगू लागला. त्याच्या पेल्यातले पाणी मात्र तसेच स्वच्छ राहिले. आई खुर्चीवरून पाहत होती. ती म्हणाली, “अरे देवा, हे आपण पितोय का रे?” त्या तरुणाने तेवढेच धरून हळू आवाजात विचारले, “काका, हे पाणी तुम्ही आजींना पाजता?”

यानंतर मी किमतीवरून घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत उरलो नव्हतो, हे त्यालाही समजले असावे. तरीही मी विचारले, की आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फक्त यूव्हीचे, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारे, साधे यंत्र ६,५०० रुपयांना मिळते, ते का चालणार नाही. त्यावर तो म्हणाला, की स्वस्तातल्या यंत्रांना हे पाणी झेपत नाही, त्यांच्यातून हा सगळा गाळ तसाच खाली येतो आणि नावाजलेल्या कंपनीचे पैसे लोक उगीच देत नाहीत. मी आरओ, यूव्ही, तांब्याचे कार्ट्रिज आणि मिनरल कार्ट्रिज असे सगळे असलेले यंत्र १८,५०० रुपयांना घेतले आणि तीन वर्षांच्या देखभालीचे, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, ९,९०० रुपये त्याच दिवशी भरले. एकूण २८,४०० रुपये झाले. बिलावर यंत्राचे नाव, क्रमांक आणि रक्कम एवढेच होते. आमच्या पाण्यात नेमके काय वाईट आढळले याचा एक शब्दही त्यावर नव्हता आणि तेव्हा मला ते खटकले नाही.

संशयाची सुरुवात आईच्या तक्रारीने झाली. पाण्याला चवच नाही, तहान भागत नाही, असे ती दोन-तीन महिने म्हणत होती. एएमसीच्या फेरीला आलेल्या तंत्रज्ञाला मी ते सांगितले. त्याने मीटर बुडवून पाहिला. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ८२ आणि यंत्रातल्या पाण्याचा ९. मग त्याने झाकण उघडून आतला एक छोटा स्क्रू जरासा फिरवला आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजले, तर आकडा ४८ झाला होता. “काय केलंत?” असे मी विचारले. तो सहज म्हणाला, “काही नाही काका, थोडं बायपास सोडलं.” म्हणजे आरओच्या पडद्यातून, मेम्ब्रेनमधून, न जाता, केवळ गाळून आणि यूव्हीखालून गेलेले नळाचेच पाणी त्याने शुद्ध पाण्यात मिसळले होते. रात्री मी कागदावर हिशेब केला. ८२ आणि ९ यांच्या मिश्रणातून ४८ यायचे असतील तर त्यातले अर्ध्याहून अधिक पाणी नळाचे असले पाहिजे. ज्या पाण्याला तपकिरी ठरवून मला हे यंत्र विकले गेले, तेच आता चवीसाठी आईच्या पेल्यात परत येत होते.

आमच्या इमारतीत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापिका राहतात. मी त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, तसे उपकरण मागवून घ्या, मग बोलू. ते ऑनलाइन काही शे रुपयांत मिळाले. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातच दोन पेल्यांत आमच्याच आरओचे पाणी घेतले. त्यातल्या एका पेल्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळले आणि बटण दाबले. तोच हिरवट ढग, तोच तपकिरी गाळ, मिठाच्या पेल्यात. दुसरा पेला त्यामानाने बराच स्वच्छ. मग त्यांनी ताज्या उकळून निवलेल्या नळाच्या पाण्यावरही प्रयोग केला. जंतूंच्या दृष्टीने ते पाणी निर्धोक, तरीही तपकिरीच झाले.

त्यांनी जे समजावले ते असे. त्या कांड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजून त्याचे कण पाण्यात उतरतात आणि गंजाचा गाळ तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज फारशी वाहत नाही आणि म्हणून रंगही येत नाही. दिसणारी घाण पाण्यात आधी नसतेच, ती उपकरणाच्या कांडीतून येते. पावसाचे पाणी गटारात पडण्याआधी धरले आणि त्यात रोगजंतू सोडले तरी हे उपकरण त्याला स्वच्छ म्हणेल, आणि लिंबू सरबताला विष ठरवेल. मी आमच्या उपकरणाच्या कांड्या पुसून पाहिल्या तेव्हा चार-पाच प्रयोगांतच त्यांच्यावर खड्डे पडलेले दिसले.

टीडीएस मीटरचेही असेच आहे. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, कीटकनाशके, शिसे यांच्याविषयी तो काहीही सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००, २०१२ मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या पूरक दस्तऐवजात ३०० च्या आतले पाणी चवीला उत्तम मानले आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतले पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे. ते मुळातच कमी क्षारांचे असते. आमचे ८२ होते. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते, की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी घालावी, आणि त्यामागचे मोठे कारण वाया जाणारे पाणी हे होते. मी घरी मोजले. १० लिटर पाणी मिळवताना २४ लिटर मोरीत गेले, आणि तेही ज्या शहरात उन्हाळ्यात टँकरसाठी भांडणे होतात तिथे.

मुख्य म्हणजे आमची भीती जंतूंची होती. त्या साथीतल्या रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू आणि नोरोव्हायरस आढळला होता. उकळल्याने असले जंतू मरतात. पाणी गढूळ नसेल आणि दिवा वेळेवर बदलला तर घरगुती यूव्ही यंत्रही जंतू निष्प्रभ करते, आणि ते मला ६,५०० रुपयांत मिळत होते. उलट आरओ यंत्रातल्या कार्बनमुळे पाण्यातले क्लोरीन निघून जाते, त्यामुळे टाकीत साठून राहिलेल्या पाण्याला काही संरक्षण उरत नाही. टाकी वेळच्या वेळी धुतली नाही तर तिथेच जंतू वाढू शकतात. त्याच साथीच्या काळात महापालिकेने या भागातली काही खासगी आरओ पाणी केंद्रे बंद केली, कारण तिथल्या पाण्याचे नमुने पिण्यास अयोग्य निघाले होते. आरओ हे अक्षर यंत्रावर असले म्हणजे पाणी निर्धोक होते, हा समज त्या बातम्यांनंतर तरी जायला हवा होता.

आरओ सगळीकडेच निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे चुकीचे व धोक्याचे होईल. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. तिथे उकळण्याने काही साधत नाही आणि मेम्ब्रेन उपयोगी पडते. पुण्यातही ज्या सोसायट्या बोअरवर किंवा बोअरच्या टँकरवर आहेत त्यांचा टीडीएस ६००-७०० च्या वर जाऊ शकतो. प्रश्न कंपनी महाग की स्वस्त हा नंतरचा आहे. आपल्या पाण्यात काय आहे हे प्रयोगशाळेकडून आधी कळायला हवे, आणि ती प्रयोगशाळा यंत्र विकणाऱ्याची नसावी. आम्ही नंतर तपासणी करून घेतली, तिला खर्च झाला त्यापेक्षा त्या यंत्राचे तांब्याचे कार्ट्रिजच महाग होते.

सुट्या भागांबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. एएमसीत नसताना मेम्ब्रेन बदलायची तर ३,६०० रुपये लागतील असे कंपनीकडून सांगण्यात आले. बुधवार पेठेतल्या एका जुन्या दुकानदाराने तशाच मापाची, तेवढ्याच क्षमतेची मेम्ब्रेन उत्पादकाच्या नावासह आणि बिलासह १,१०० रुपयांना दाखवली. नकली मालही याच बाजारात मिळतो, त्यामुळे बिनबिलाची वस्तू मी घेतली नसती. पण अडीच हजारांचा फरक कशाचा, या प्रश्नाला कंपनीच्या माणसाकडे ‘ओरिजिनल’ या एका शब्दापलीकडे उत्तर नव्हते.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. कंपनीचे लेखी उत्तर आले, की तो तरुण वितरकाचा माणूस होता, तसे उपकरण कंपनी वापरत नाही आणि असा प्रयोग करायला कंपनीने सांगितलेले नाही. उरलेल्या दोन वर्षांच्या एएमसीचे ६,६०० रुपये त्यांनी परत केले. यंत्र परत घ्यायला नकार दिला, आणि माझ्या हातात तो प्रयोग झाल्याचा कसलाही पुरावा नव्हता. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही हे मला माहीत आहे, तरी पुराव्यावाचून पुढे जाता आले नाही. म्हणून कोणी असा प्रयोग दाखवत असेल तर त्याचे चित्रण करा, आणि “तुमच्या पाण्यात हे हे दूषित आहे” हे बिलावर लिहून सही करायला सांगा.

गेल्या जूनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर तसाच एक विक्रेता आला होता. शेजारच्या वहिनींनी पत्नीला हाक मारली, पत्नीने प्राध्यापिकाबाईंना. पेले भरलेले होते आणि कांड्या बुडवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. बाईंनी मिठाची बरणी ओट्यावर ठेवली आणि त्याला म्हणाल्या, “आधी तुमच्या पेल्यात एक चिमूट टाका, मग सुरू करा.” त्याने बरणीकडे पाहिले, दुसऱ्या घरची वेळ झाली आहे असे सांगितले आणि उपकरण पुसून पिशवीत ठेवले.