ट्यूनिंग इन टू टीन्स: विषय किशोरांचा, पण काम आधी आईच्या रागावर

मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेला हा किशोरवयीन मुलांच्या पालकांचा वर्ग. छोटा गट, सहा सत्रं, प्रत्येक सत्र साधारण दोन तासांचं. पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांच्या १९९०च्या दशकातल्या संशोधनाचा.

मुलांना कसं वळण लावायचं, याने इथे सुरुवात होत नाही. तुमच्या लहानपणी घरात कोणी चिडलं की काय व्हायचं, हे आधी विचारलं जातं. रडल्यावर जिला दटावलं गेलं, त्या आईला पुढे मुलीचं रडणं नाटक वाटू शकतं. हे तिचं तिला उमगणं, हेच या वर्गाचं खरं बळ.

मग पाच पायऱ्या येतात: मुलाची भावना हेरणं, तिच्याकडे जवळीक साधायची संधी म्हणून पाहणं, ऐकून घेणं, तिला नाव देणं आणि सगळ्यात शेवटी मर्यादा किंवा तोडगा. गाडी अडते ती तिसरीवर. मुलगी म्हणते, "मला ग्रुपमधून काढलं." आई चटकन म्हणते, "एवढं काय त्यात!" आणि संवाद तिथेच संपतो. "लागलं असेल गं तुला" एवढं बोलून थांबायचं असतं. त्याला "पण तूही जरा..." जोडलं की आधीचं सगळं वाया जातं. वर्गात हे जोडीजोडीने बोलून घोटून घेतात, ते फार आवश्यक आहे. नुसतं ऐकून जिभेला वळण लागत नाही.

समजून घेणं म्हणजे मोकळीक देणं, असा गैरसमज बऱ्याच जणांचा होतो. राग आला तर चालेल, दार आपटलेलं चालणार नाही. ही मर्यादा मात्र डोकं शांत झाल्यावर सांगायची. आईचंच डोकं तापलं असेल तर "मला थोडा वेळ दे, रात्री बोलू" म्हणून बाजूला व्हायचं. आणि रात्री खरंच बोलायचं, नाहीतर मुलं त्याला टाळाटाळ समजतात.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, २२५ पालकांच्या अभ्यासात हा वर्ग केलेल्या घरांमधली भांडणं आणि मुलांचं आक्रमक वागणं कमी झालेलं दिसलं. तरी सहा सत्रं अपुरीच वाटतात. रागाच्या भागाला तर आणखी सराव हवा. मूल स्वतःला इजा करत असेल तर या वर्गावर विसंबू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.