सोलापूरच्या काळ्या मातीत सिलेक्शन वन लॉन: एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंतचा अनुभव

मागच्या मृगात लावलेलं लॉन आता पुन्हा मृगाच्या तोंडावर आलंय. एक पावसाळा, एक हिवाळा आणि आपल्याकडचा अख्खा उन्हाळा त्याने काढला. ४२-४३ अंशांच्या मे महिन्यातही ते हिरवं राहिलं, थोडं फिकट पडलं इतकंच. जुळे सोलापुरातलं घर, समोर साधारण ४०० चौरस फूट मोकळी जागा, खाली काळी माती आणि तिच्यात चुनखडीचे खडे. अशी जागा असणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय, कारण लॉनबद्दल मिळणारा बहुतेक सल्ला दमट हवेच्या गावांसाठी असतो. तो इथे चालत नाही.

माझी ताई रत्नागिरीला असते. तिच्या अंगणातही लॉन आहे, पण तिच्या अडचणी वेगळ्या. तिकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि खताचा नत्र (नायट्रोजन) त्याच्याबरोबर वाहून जातो, म्हणून ती खत थोडं थोडं विभागून टाकते. जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला चुना लागतो. हवा दमट असल्यामुळे बुरशीचे डाग पडतात आणि समुद्राकडचा खारा वारा कोवळी पाती जाळतो. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ६००-७०० मिलिमीटर, तोही बराचसा सप्टेंबरच्या परतीच्या पावसात. चुना मातीत आधीच नको तितका आहे. ताई पोटतिडकीने सांगते, ‘अरे, चुना टाक रे लॉनला.’ तिच्या जागी ते शंभर टक्के बरोबर आहे. सोलापुरात मात्र कुणीही टाकू नका.

नर्सरीत आधी कोरियन कार्पेट नावाचं गवत दाखवतात. दिसायला ते फारच मऊ आणि दाट असतं, कापायलाही क्वचितच लागतं. पण त्याची वाढ संथ आहे. एखादा पट्टा उन्हात करपला, तर तो भरून यायला महिने लागतात. सिलेक्शन वन म्हणजे आपल्या हरळीचंच बारीक पानांचं भावंड. ऊन जितकं कडक तितकं ते खूश, क्षार बऱ्यापैकी सोसतं, आणि मधे टक्कल पडलं तर पावसाळ्यात चार-सहा आठवड्यांत स्वतःच भरून काढतं. तयार पट्ट्या न घेता मी ठोंब चार-चार इंचांवर टोकून लावले. खर्च कितीतरी कमी आला आणि परतीच्या पावसापर्यंत जमीन झाकली गेली. आधी वरच्या सहा इंचांत वाळू, लाल माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून घेतलं होतं. शेणखत कच्चं असेल तर त्यातून गाजरगवत आणि मुळं खाणारी हुमणी अळी दोन्ही घरात येतात.

आता पाणी. सोलापुरात सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो. हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. माझी जागा ३७ चौरस मीटर. आठवड्याला २५ मिलिमीटर द्यायचं तर ९२५ लिटर, मे महिन्यात ३५ धरलं तर १३०० लिटरच्या आसपास. हा आकडा बघूनच लॉन किती मोठं करायचं ते ठरवा. नळाला रोज पाणी नसणाऱ्या शहरात हजार-दीड हजार चौरस फुटांचं लॉन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी भरायच्या आधी गवताला पाणी घालणं मनाला पटत नाही.

रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी खोलवर दिलेलं पाणी खूपच चांगलं लागू पडलं. मुळं खाली जातात. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून मी एकदा देऊन अर्धा तास थांबतो आणि मग उरलेलं देतो, नाहीतर ते वरून वाहत गेटबाहेर जातं. स्प्रिंकलरचं मोजमाप करायला सरळ कडांचे डबे ठेवा आणि त्यात किती मिलिमीटर साठलं ते पट्टीने बघा. पाण्याची वेळ गवत स्वतः सांगतं. पाती लांबीत मिटतात, रंगाला निळसर झाक येते आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे उठून दिसत राहतात. हे दिसलं की दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. एप्रिलनंतर कडेच्या मातीवर पांढरा थर येतो, म्हणून अधूनमधून नळाचं पाणी भरपूर देऊन क्षार खाली ढकलावे लागतात. आरओचं वाया जाणारं पाणी वापरू का, असं बरेच जण विचारतात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. गवताला नको.

दिवाळीनंतर लॉन पिवळं पडायला लागलं. शेजारचे काका म्हणाले, युरिया मारा. मी खाली बसून पान हातात घेतलं. जुनी पानं हिरवी होती, नवीन कोवळी पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. नत्र कमी असेल तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. इथे उलट होतं, म्हणजे लोह कमी. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. आपल्याकडचे डाळिंबवाले शेतकरी हे चांगलं ओळखतात. उपाय हिराकस (फेरस सल्फेट): लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड), आणि संध्याकाळी फवारणी. मातीत टाकून उपयोग नाही, तिथे ते पुन्हा अडकतं. ताजं द्रावण फिकट हिरवं दिसतं. तांबूस व्हायला लागलं की ते वाया गेलं, म्हणून लागेल तेवढंच कालवा. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग जात नाहीत, कडेची फरशी आधी झाका. आठवडाभरात रंग फिरला. नवीन पानं येत राहतात तसं हे अधूनमधून पुन्हा करावं लागतं. युरिया मी देतो, पण फक्त वाढीच्या दिवसांत, चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आत, पानं कोरडी असताना, आणि लगेच वर पाणी.

कापायला हाताने ढकलायचं रीळवालं मशीन घेतलंय. वीज नाही, आवाज नाही. फिरती पाती आणि खालची स्थिर पट्टी यांच्यात गवत कातरलं जातं, त्यामुळे टोकं स्वच्छ राहतात. बोथट पात्याच्या मशीनने ती फाटतात आणि दोन दिवसांत सगळं लॉन पांढुरकं दिसतं. धार बघायला कागदाची पट्टी धरून रीळ हळू फिरवा. कागद दुमडला की पट्टी जुळवायची वेळ झाली. एरवी सव्वा इंच, उन्हाळ्यात पावणेदोन इंच, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. पावसाळ्यात वाढ इतकी जोरात असते की दर पाच-सहा दिवसांनी कापावंच लागतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी हे गवत घेऊ नये.

तणांत खरा शत्रू लव्हाळा. देठ बोटांत फिरवला की तीन कडा लागतात, त्यावरून ओळखायचा. नुसता उपटला तर जमिनीतली गाठ, म्हणजे मोथा, तशीच राहते आणि आठ दिवसांत लव्हाळा पुन्हा वर येतो. पावसानंतर माती भुसभुशीत असताना खुरप्याने गाठींच्या माळेसकट काढा. फारच पसरला असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हा तणनाशक घटक हरळीवर्गीय लॉनमध्ये चालतो, मात्रा लेबलप्रमाणे.

हुमणीबद्दल आत्ताच सांगतो, कारण वळीव होऊन गेलाय. पहिल्या पावसानंतर तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून तिन्हीसांजेला कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, त्यासाठी हेच दिवस महत्त्वाचे. यांची अंडी उबली की पांढऱ्या अळ्या मुळं खातात आणि लॉन हाताने ओढलं तर सतरंजीसारखं गुंडाळलं जातं. गेल्या वर्षी कोपऱ्यातला एक तुकडा असाच गेला. यंदा मेटारायझियम ही हुमणीला मारणारी उपयुक्त बुरशी आणून ठेवली आहे. जमीन नीट ओली झाली की शेणखतात मिसळून टाकणार.

कडुनिंबाखाली मात्र हे लॉन धरत नाही. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर सिलेक्शन वन विरळ होतं आणि मग नाहीसं होतं. खत-पाणी वाढवून फरक पडत नाही. तेवढा पट्टा मी सोडून दिला, तिथे शहाबादी फरशी टाकली आणि कडेने स्पायडर लिली लावली. तिला आठवड्याला दोन बादल्या पाणी पुरतं.