'मिक्स' सॉफ्टवेअर, स्वस्तातला कंट्रोलर आणि आपल्या गाण्यांची ग्रिड: बरेच महिने वापरल्यानंतर

वॉरंटीत असलेल्या डीजे कंट्रोलरचा (लॅपटॉपमधली गाणी हाताने एकमेकांत मिसळायच्या यंत्राचा) क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा स्लायडर, सर्व्हिस सेंटरने 'घासून जाणारा भाग' म्हणून वॉरंटीबाहेर काढला, म्हणून आज हे लिहायला बसलोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन चॅनलचा, यूएसबीवर चालणारा, नवशिक्यांसाठी म्हणून विकतात त्या गटातला आहे. फेडर मधोमध असला की डाव्या डेकचा, म्हणजे डाव्या बाजूला लावलेल्या गाण्याचा, आवाज अचानक गुल व्हायचा, आणि जरा हलवला की खरखर करत परत यायचा. फोन केला तर नाशिकमध्ये सेंटर नाही, मुंबईला कुरिअर करा. जाण्याचा खर्च तुमचा, तपासणीची फी वेगळी, पार्टचे पैसे वेगळे. सगळी बेरीज कंट्रोलरच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या पुढे जात होती. मी सातपूरला मेंटेनन्समध्ये आहे. कार्बन ट्रॅकवर धूळ बसली की स्लायडर काय करतो हे रोजच्या पाहण्यातलं आहे. पण स्वतः उघडला तर उरलेली वॉरंटीही जाणार आणि त्यांच्याकडे पाठवला तर खिसा कापला जाणार. याचा मला फार संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. जो भाग हातानेच सरकवायचा असतो तो काही महिन्यांत घासणार असेल, तर ते बिलावर आधी लिहा.

याच भांडणात सॉफ्टवेअरचं मोल मला कळलं. मी 'मिक्स' वापरतो, नावात तीन एक्स असलेलं, फुकट मिळतं ते. त्यात प्रत्येक डेकला एक छोटं बटण असतं: हा डेक क्रॉसफेडरच्या डाव्या बाजूला, उजव्या बाजूला की मध्ये. दोन्ही डेक 'मध्ये' केले की क्रॉसफेडर हलवा, काढून टाका, काहीही करा, आवाजावर परिणाम शून्य. मग प्रत्येक डेकच्या आवाजाच्या उभ्या फेडरवरच मिक्सिंग करायचं. आमचा हात तर त्यावरच बसलेला, कारण आम्ही शिकलो त्या मिक्सरला क्रॉसफेडर नव्हताच. म्हणजे जी दुरुस्ती मुंबईला पाठवून हजारोंत पडली असती ती दोन क्लिकमध्ये, फुकटात झाली.

'मिक्स' हे २००१ मध्ये सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि जगभरातले लोक हौसेने, विनामोबदला त्यावर काम करतात. चार डेक, इफेक्ट, रेकॉर्डिंग, हेडफोनवर आधी ऐकण्याची सोय हे सगळं आहे. ऑनलाइन स्ट्रीमिंगची गाणी त्यात चालत नाहीत, स्वतःच्या फाइल लागतात. माझ्यासाठी ही उलट चांगली गोष्ट. माझ्याकडे आहेत त्या सगळ्या फाइलच.

त्या कशा आल्या ते थोडक्यात सांगतो. नव्वदीच्या शेवटी शेवटी मी पंचवटीतल्या एका साउंड सर्व्हिसवाल्या अण्णांकडे जायचो. आधी केबल गुंडाळणं, मग कॅसेट लावणं, आणि डबल सीडी प्लेयर आला तेव्हा गाण्याला गाणं जोडणं. वेग कमीजास्त करणारा पिच स्लायडर, गाणं पुढेमागे ढकलायचं जॉगचं चाक आणि एका कानाला हेडफोन. दुसऱ्या कानात मंडपातलं गाणं, या कानात पुढचं. दोन्हींचे ठेके एकमेकांवर बसले की छातीत एक ठोका चुकायचा, आनंदाने. नोकरी लागली, तिन्ही पाळ्या सुरू झाल्या आणि ते सुटलं. अण्णांनी धंदा आवरला तेव्हा सीड्यांची खोकी माझ्या घरी आली. गेल्या वर्षी मुलीचा जुना लॅपटॉप रिकामा झाला, त्यात त्या सगळ्या सीड्या उतरवल्या आणि हे सॉफ्टवेअर टाकलं.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर मी लांबण लावणार आहे, कारण आपल्याकडे यावर कोणी नीट लिहीत नाही. तो म्हणजे बीटग्रिड.

गाणं लोड केलं की सॉफ्टवेअर त्याचा वेग मोजतं आणि लाटेच्या चित्रावर समान अंतरावर उभ्या रेषा मारतं. प्रत्येक रेष म्हणजे एक ठोका. सिंकचं बटण याच रेषा एकमेकांवर आणतं, लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) याच रेषांवर कापला जातो, इको याच रेषांवर घुमतो. सगळा डोलारा ग्रिडवर उभा आहे. ही पद्धत यंत्रावर बनलेल्या गाण्यांसाठी चोख आहे. ड्रम मशीन मिनिटाला १२८ ठोके म्हणालं की शेवटच्या सेकंदापर्यंत १२८. पण आपली १९७०-८० च्या काळातली सिनेमाची गाणी, कोळीगीतं, लावण्या, बँडचं रेकॉर्डिंग, नाशिक ढोल, यात माणसं वाजवतायत. अंतरा संपून मुखड्यावर येताना वादक जरा पुढे सरकतो, ढोलपथक रंगात आलं की वेग चढतोच. तो चढला नाही तर नाचणाऱ्याला मजा येत नाही.

हिशोब करून पाहा. ग्रिड म्हणते १०४ बीपीएम (मिनिटाला ठोके), म्हणजे एक ठोका ५७७ मिलिसेकंदांचा. वादक चढून १०५ वर गेला, तर ठोका ५७१ चा. फरक प्रत्येक ठोक्याला जेमतेम साडेपाच मिलिसेकंद. पण ३२ ठोक्यांनंतर तो १७५ च्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश ठोका. एवढा फरक नाचणाऱ्याच्या पायाला कळतो. मंडपात घोडं धावल्यासारखा दुहेरी आवाज येतो आणि लोक नाचता नाचता थांबून स्टेजकडे बघतात.

'मिक्स'मध्ये यावर उपाय आहे, पण तो शोधावा लागतो. बीट ओळखण्याच्या सेटिंगमध्ये 'वेग स्थिर धरा' अशी एक खूण असते. ती सगळ्या गाण्यांसाठी काढू नका, नाहीतर यंत्रावरची गाणीही उगाच डळमळतात. त्याऐवजी ज्या गाण्याचा त्रास आहे त्यावर उजवी क्लिक करून ते बदलत्या वेगाने पुन्हा तपासायला लावा. मग रेषा वादकाच्या मागे जातात. जुन्या सिनेमाच्या गाण्यांत निकाल चांगला येतो. ढोलाच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र टोल आणि ताशाची तडतड यांत सॉफ्टवेअर गोंधळतं. तिथे मी टॅपचं बटण वापरतो. सुरुवातीचा तुकडा ऐकत बोटाने ठेका द्यायचा, पहिली रेष खणखणीत टोलावर आणून ठेवायची आणि मग आलेला आकडा कुलूपबंद करायचा. गाणं पुढे सरकलं की जॉगने हाताने सांभाळायचं. दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरपैकी सेराटोमध्ये ग्रिडवर जागोजागी मार्कर ठोकता येतात, रेकॉर्डबॉक्समध्येही बदलत्या वेगासाठी वेगळी तपासणी आहे. तसे मार्कर इथे मनासारखे ठोकता आले तर मला आयुष्यात दुसरं सॉफ्टवेअर लागणार नाही.

दुसरा प्रकार सहा मात्रांचा. गोंधळाचं एक रेकॉर्डिंग आहे, संबळ झकास वाजलाय. पायाचा ठेका ९६ चा. सॉफ्टवेअरने दाखवले १२८. म्हणजे बरोब्बर चारतृतीयांश. त्याला प्रत्येक गाणं चारच्या पटीत हवं असतं, म्हणून तिनाच्या चालीचं गाणं ते चाराच्या साच्यात बसवतं. आणि १२८ हा नेमका हाउस संगीताचा वेग, त्यामुळे यादीत वेगाप्रमाणे गाणी लावली की आईचा गोंधळ क्लबच्या गाण्यांच्या मधोमध येऊन बसतो. उजवी क्लिक, बीपीएम, तीनचतुर्थांश. झालं ९६. अर्धा, दुप्पट, दोनतृतीयांश असे सगळे पर्याय तिथेच आहेत. दादऱ्यातली गाणी, पाळणे, काही कोळीगीतं अशी एकदा बसून तपासून घ्या. हळदीला बायका आयत्या वेळी गोंधळ मागणारच, तेव्हा ते शोधायला वेळ नसतो.

सिंकबद्दल माझं मत मध्ये बदललं. सुरुवातीचे काही महिने मी त्या बटणाला हात लावत नव्हतो. ज्याने कानाने बीट जुळवायला शिकायला दोन गणपती घालवले त्याला ते बटण बघून राग येणारच. पण यंत्रावरच्या गाण्यांना मी आता ते बिनधास्त वापरतो. ठोके जुळवण्यात जाणारं लक्ष वाचतं आणि ते खऱ्या कामाला लागतं: कुठल्या ओळीनंतर पुढचं गाणं आत घ्यायचं, कुठे बेस कापायचा, समोरच्या लोकांचे चेहरे काय म्हणतायत. शिवाय सिंक ठोक्याला ठोका जुळवतं, समेला सम जुळवत नाही. ते आपणच करायचं. आज समोर यंत्रावरचं गाणं असेल तर सिंक, माणसांनी वाजवलेलं असेल तर हात, असा माझा नियम आहे. पिच स्लायडर इथेही मुळात अधिक-उणे ८ टक्क्यांवरच लावलेला येतो, टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलवर असायचा तेवढाच. बोटांना ते अंतर अजून पाठ होतं. पहिल्या दिवशी हेडफोन एका कानाला लावून दोन गाणी हाताने बसवली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ओढत आणलं आणि ऐकवलं. "अहो, एकच गाणं वाटतंय," ती म्हणाली. यापेक्षा मोठी पावती नाही.

सुराची पट्टी न बदलता वेग बदलण्याचं, म्हणजे की-लॉकचं इंजिन निवडता येतं. साउंडटच हलकं आहे, रबरबँड जास्त स्वच्छ. लॅपटॉप जुना असेल तर रबरबँडचा वरचा दर्जा लावू नका, प्रोसेसर धापा टाकतो आणि आवाज तुटतो. सनई आणि बाईचा आवाज यांत फरक स्पष्ट ऐकू येतो, नुसत्या ढोलात नाही. बफर (आवाज बाहेर पडण्याआधीचा साठा) २३ मिलिसेकंदांवर ठेवलाय, जॉगला हात लावला की गाणं लगेच ऐकतं.

स्टेम्स, म्हणजे चालू गाण्यातून गायक, ताल, बेस वेगळे करणं, हा २०२० पासूनचा मोठा गाजावाजा. एका पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणी काळात करून पाहिलं. आजच्या गाण्यांवर तोंडात बोट घालावं असं काम होतं. ढोलकीवर मात्र नाही: थाप तालात राहते, पण घुमारा बेसमध्ये जातो. सनई गायकाला चिकटून येते. दर महिन्याला त्यासाठी पैसे भरायची माझी तयारी नाही.

कंट्रोलर नसताना काय, असं भाचा विचारत होता. कंट्रोलर आजारी होता तेव्हा मी कीबोर्डवर काम चालवलं. लॅपटॉपला हेडफोनचं एकच भोक असेल तर एक साधं यूएसबी साउंडकार्ड घ्या, महात्मा गांधी रोडवर स्वस्तात मिळतं. सेटिंगमध्ये मुख्य आवाज त्या कार्डाला द्या आणि हेडफोन लॅपटॉपला. दोन कार्डांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, त्यासाठी दोन्ही जुळवण्याचा पर्याय त्याच पानावर आहे, तो तपासून घ्या, नाहीतर कानात आणि स्पीकरवर ठेका वेगळा पडतो. शिकायला आणि घरच्या कार्यक्रमाला एवढ्यावर भागतं. आधी हे करून पाहा, आवड टिकली तर मग कंट्रोलरला पैसे घाला.

भाचीच्या हळदीला संभाजीनगर रोडच्या एका लॉन्सवर मीच वाजवलं. साउंडवाल्याचे स्पीकर, माझा लॅपटॉप. तिथला मुलगा चांगला होता. "काका, पेन ड्राइव्ह द्या ना, मी लावतो," म्हणत होता, आणि नंतर माझ्या बाजूला उभा राहून ग्रिड कशी सरकवतो ते विचारत होता. गोंधळ ९६ वर लागला, त्यातून कोळीगीत, त्यातून ढोल. ढोल चढत गेला तसा माझा हात जॉगवर, ठेका कुठेही सुटला नाही. माझी आत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेली, खुर्चीतून उठली. दहाला पाच मिनिटं असताना बंद केलं. नियमाने रात्री दहानंतर स्पीकर नाहीच, आणि मला तो नियम पटतो. लॉन्सच्या मागे लोकांची घरं आहेत.

शेवटी एक काम जरूर करा. ग्रिड, क्यू (गाण्यात टाकलेल्या खुणा), दुरुस्त केलेले बीपीएम हे गाण्याच्या फाइलमध्ये साठवले जात नाहीत, 'मिक्स'च्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात. गाण्यांची हार्ड डिस्क नेऊन दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर गाणी येतील, तुम्ही रात्री बसून बसवलेली ग्रिड येणार नाही. विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या ॲप-डेटा फोल्डरमध्ये, लोकलच्या आत 'मिक्स'चं फोल्डर असतं, ते लपवलेलं दिसतं. सॉफ्टवेअर बंद करून ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. मी दर रविवारी उतरवतो, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आणखी एकदा.