सेंटिनेल-१ : ढगांना जुमानत नाही, पण उसात चाचपडतं

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. नोकरी पुण्यात, जीआयएसची, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करण्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आण्णांचा फोन आला, "तुझ्या त्या सॅटेलाइटवर बघ की, पाणी कुठवर आलंय." नेहमीचे सॅटेलाइट फोटो उघडले तर कोल्हापूर-सांगलीवर नुसता कापूस पिंजून ठेवलेला. पुराच्या दिवसांत ढग असणारच, त्यामुळे कॅमेरावालं सॅटेलाइट नेमकं तेव्हाच हात वर करतं. तेव्हापासून मी युरोपियन स्पेस एजन्सीच्या सेंटिनेल-१ चा डेटा वापरते आहे.

हे रडार आहे. साधारण साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी स्वतःच खाली सोडतं आणि परत येतील तेवढ्या मोजतं. ढग असोत की रात्र, त्याचं अडत नाही. संथ पाण्यावर पडलेली लहर पलीकडे निसटून जाते, म्हणून पाणी काळं दिसतं. पहिल्यांदा ते चित्र उघडलं तेव्हा नृसिंहवाडीच्या संगमापाशी कृष्णा कुठली आणि पंचगंगा कुठली, काही कळेना. दौत उपडी झाल्यासारखं दिसत होतं सगळं.

किंमत शून्य. कोपर्निकस या युरोपच्या सॅटेलाइट-कार्यक्रमाच्या साइटवर ईमेल देऊन खातं काढायचं की झालं. पहिलं सॅटेलाइट, सेंटिनेल-१ए, एप्रिल २०१४ मध्ये उडालं, त्या वर्षापासूनचा साठा कुणालाही खुला आहे. एक पट्टा २५० किलोमीटर रुंद. पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे हिशेबाला जवळजवळ एक गुंठा. त्यावरून लगेच आपला गुंठा शोधायला जाऊ नका. खरं रिझोल्यूशन ५ बाय २० मीटर आहे आणि चित्रावर मिठासारखे दाणे असतात, त्यामुळे अर्धा एकर तरी एकत्र धरल्याशिवाय मी काही बोलत नाही.

आता तक्रार. त्या वर्षी मी काळ्या भागाचा नकाशा करून मोठ्या तोऱ्यात घरी पाठवला. आण्णांचा लगेच फोन. "आपल्या मळीच्या रानात छातीएवढं पाणी हाय, आणि तुझ्या नकाशात कोरडं?" तिथं आडसाली ऊस उभा होता, वर्षाचा, माणसाच्या डोक्यावरून जाणारा. एवढ्या आखूड लहरी पानांच्या गचपणातच अडकतात, खालच्या पाण्यापर्यंत धड पोचत नाहीत. पोचल्याच तर पाण्यावरून उसाच्या बुडख्यावर आपटून परत येतात आणि तो भाग उलट उजळच दिसतो. म्हणजे भाताची खाचरं, नदीकाठची कुरणं, मोकळी रानं बरोबर, आणि शिरोळ तालुक्यात जे सगळ्यात जास्त पिकतं तिथंच फसगत. शेंडा बुडाला की ऊस गेला, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. पण शेंडा बुडेपर्यंत हा नकाशा गप्प बसतो. गावातल्या गल्ल्यांतलं पाणीही असंच निसटतं, भिंतींवरून परत येणाऱ्या लहरी सगळं पांढरं करून टाकतात.

दुसरी अडचण वेळेची. एकटं सॅटेलाइट त्याच वाटेवर १२ दिवसांनी परत येतं, तेवढ्यात पूर येऊन ओसरूनही जातो. जोडीचं सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये वीजपुरवठ्यातल्या बिघाडानं बंद पडलं. त्याची जागा घ्यायला १सी उडालं थेट डिसेंबर २०२४ मध्ये. मधली तीन वर्षं पावसाळ्यात मी सॅटेलाइटच्या तारखा पंचांगासारख्या बघत होते.

ही चित्रं उघडायचं स्नॅप हे सोबतचं सॉफ्टवेअरही फुकट आहे, पण माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते चालू केलं की त्याचं होईतो पोह्याला फोडणी देऊन, खाऊन, बशीही धुऊन होते. त्यापेक्षा गूगलच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गूगल अर्थ इंजिनमध्ये तयार डेटा मिळतो, नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी. आणि राधानगरी-गगनबावड्याकडचं चित्र बघून घाबरू नका. रडार तिरकं बघतं, म्हणून डोंगर कलंडल्यासारखे दिसतात आणि त्यांच्या सावल्या पाण्यासारख्याच काळ्या येतात.

माझे पाचात चार तारे. कापलेला एक उसाचा. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या सॅटेलाइटवर नासाचं एल-बँड रडार आहे, लहर २४ सेंटिमीटरची. उसाच्या बुडापर्यंत तिचा हात पोचायला हवा. आमच्या मळीवर ते वापरून बघितल्याशिवाय मात्र मी त्याला तारे देणार नाही.

तोवर आमची पद्धत ठरलेली आहे. काळा भाग मी काढते, उसाच्या पट्ट्यांवर रेघा मारून ठेवते आणि आण्णांना फोन लावते. परवा म्हणाले, "एवढं युरोपनं वर पाठवलं, आणि शेवटी इचारतीस मलाच व्हय?"