काटा शून्यावर, गॅस मात्र पूर्ण: कारच्या एसीत झालेली फसवणूक

नागपुरात मे महिन्यात कारचा एसी बिघडला की प्रत्येकाला तो तासाभरात दुरुस्त करून हवा असतो, आणि काही गॅरेजवाले नेमका याच घाईचा फायदा घेतात. माझ्याकडून पैसे उकळण्यासाठी वापरलेली युक्ती अगदी साधी आहे. ती कोणावरही चालू शकते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाडी धावत असताना एसी उत्तम थंडावा देत असे, परंतु सिग्नलला थोडा वेळ थांबावे लागले की गरम हवा येऊ लागे. एका गॅरेजमधील कारागिराला मी हे सांगितले, तेव्हा त्याने इंजिन बंद ठेवून निळ्या पाइपचे गेज (दाब मोजणारे यंत्र) जोडले आणि शून्यावरचा काटा दाखवत म्हटले, "साहेब, गॅस पूर्ण संपलाय. हे बघा, काटा हलतसुद्धा नाही." त्यानंतर इंजिन सुरू करून, व्हॅक्यूम न करता (म्हणजे पंपाने आतील हवा व ओलावा न काढता) आणि वजन न करता त्याने एका डब्यातून गॅस सोडला व अडीच हजार रुपये घेतले. पावतीवर "एसी गॅस" एवढे दोनच शब्द होते.

थोड्याच दिवसांत एसी आधीपेक्षाही वाईट झाला. दुपारी तर धावत्या गाडीतही तो मध्येच बंद पडू लागला. त्याच गॅरेजने आता कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, गेल्याचे सांगून वीस हजारांचा अंदाज दिला. तेथे काम न करता मी गाडी केवळ एसीचे काम करणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिककडे नेली.

त्याने प्रथम बॉनेटखालचे स्टिकर वाचले. माझ्या गाडीसाठी त्यावर आर-134ए हा गॅस 430 ग्रॅम असे लिहिले होते. रिकव्हरी मशीनने आतील गॅस बाहेर काढून मोजला, तर तो 600 ग्रॅमच्याही वर भरला. म्हणजे पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा गॅस जवळपास पूर्ण होता. खरा बिघाड कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, पंख्यात होता. त्याची मोटर जळाली होती. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा कंडेन्सर थंड करी, आणि गाडी थांबली की ते काम करणारा पंखाच फिरत नसे. मी सांगितलेल्या लक्षणावरूनच कोणत्याही जाणकाराने आधी पंखा पाहिला असता.

मग काटा शून्यावर कसा राहिला? गेजच्या कपलरवरील (पाइपच्या टोकाच्या जोडणीवरील) नॉब फिरवून आत नेल्याशिवाय सर्व्हिस पोर्टमधील (एसीच्या गॅस भरण्याच्या तोंडातील) पिन दाबली जात नाही आणि गॅसचा दाब गेजपर्यंत पोहोचतच नाही. कारागिराने कपलर नुसता अडकवला होता. नंतर गॅस सोडताना मात्र नॉब फिरवला. इंजिन बंद असताना आर-134ए चा दाब तापमानावर अवलंबून असतो. 35 अंशांना तो सुमारे 115 पीएसआय (दाबाचे एकक) भरतो, मग गॅस थोडा कमी असो वा जास्त. काटा खरोखर शून्यावर असेल तर गॅसचे सर्किट पूर्ण रिकामे आहे, आणि रिकाम्या सर्किटमध्ये प्रेशर स्विच कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. माझा एसी तर गॅरेजच्या दारापर्यंत थंड हवा देत होता.

जादा गॅसमुळे कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब वाढतो आणि तोच प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. या लक्षणालाच "कॉम्प्रेसर गेला" म्हणून वीस हजार मागण्यात आले. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर ठणठणीत होता. पंख्याची मोटर बदलून, अर्धा तास व्हॅक्यूम करून, वजनाने 430 ग्रॅम गॅस भरल्यावर एसी पूर्ववत झाला, आणि सारा खर्च त्या वीस हजारांच्या पाव हिश्शातच भागला.

एसीचे सर्किट बंद असते. त्यातील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. वर्षानुवर्षांत सील आणि पाइपांतून तो किंचित झिरपतो हे खरे, पण एकाच उन्हाळ्यात तो संपला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. शिवाय हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक तापमानवाढ करतो, म्हणून तो मोकळा सोडून देणाऱ्या गॅरेजचा मला विशेष राग येतो. काही ठिकाणी बिननावाच्या सिलिंडरमधून स्वस्त, ज्वलनशील हायड्रोकार्बनचे मिश्रणही भरले जाते. सिलिंडरवरील नाव पाहू दिले जात नसेल, तर तेथे काम करू नये.

गेज जोडताना समोर उभे राहावे, इंजिन बंद असताना काटा वर जातो का ते पाहावे आणि किती ग्रॅम गॅस काढला व किती भरला हे पावतीवर लिहून घ्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क लागत नाही. दुसऱ्या मेकॅनिकने वजनाचे आकडे लिहून दिलेली पावती जोडून मी माझी तक्रार दाखल केली आहे.